स्वाक्षरी खरी, पण हेडर गहाळ

ऑनलाइन पैसे भरल्यावर 'रक्कम जमा झाली' असा निरोप दुकानाच्या सर्व्हरला जातो. तो खरोखर संबंधित सेवेकडूनच आला की कुणा भामट्याकडून, हे सहसा डिजिटल स्वाक्षरीवरून ठरते.

एचटीटीपी विनंतीच्या माथ्यावर हेडर नावाच्या ओळी असतात. विनंती कोणत्या सर्व्हरसाठी, केव्हाची, मजकूर कोणत्या प्रकारचा, हे त्या सांगतात. वाटेतील प्रॉक्सी सर्व्हर त्यांत रीतसर फेरफार करीत असल्याने प्रेषक निवडक ओळींवरच स्वाक्षरी करतो व त्यांची यादी सोबत जोडतो. त्या यादीतील एखादे हेडर पोहोचलेच नाही तर?

ते रिकामे मानून पुढे जाण्याचा मोह प्रोग्रामरना होतो. तो घातक आहे. रिकामे हेडर आणि नसलेले हेडर यांचा अर्थ सर्व्हर वेगवेगळा लावू शकतो. दोन्ही एकच मानले, तर स्वाक्षरीखालील रिकामी ओळ वाटेत काढून टाकली तरी पडताळणी यशस्वी ठरते. म्हणूनच फेब्रुवारी २०२४मध्ये प्रसिद्ध झालेल्या आरएफसी ९४२१ या मानकानुसार अशा वेळी त्रुटी दाखवून पडताळणी फेटाळावी लागते. रिकाम्या हेडरला मात्र मुभा आहे.

याहून फसवा प्रकार म्हणजे यादीच अपुरी असणे. केवळ तारखेवर केलेली स्वाक्षरी गणिती कसोटीला उतरते. पण रक्कम न लिहिता सही केलेल्या धनादेशासारखी तिची गत होते. तीच स्वाक्षरी दुसऱ्याच मजकुराला चिकटवता येते. तेव्हा किमान यादी पडताळणाऱ्यानेच ठरवावी: विनंतीची पद्धत, पत्ता, वेळ आणि मजकूर असल्यास त्याचा डायजेस्ट. हा डायजेस्ट मजकुरावरून स्वतः पुन्हा काढून ताडून पाहावा, हे अनेकदा विसरले जाते. ॲमेझॉनच्या 'सिग्नेचर व्हर्जन ४' पद्धतीत होस्ट हेडर सक्तीचे आहे. ब्राउझरमधील जावास्क्रिप्टला डेट हेडर लिहिता येत नाही, पण तेथे वेळेसाठी एक्स-ॲमेझ-डेट हे निराळे हेडर चालते. आरएफसी ९४२१मध्ये तर निर्मितीची वेळ स्वाक्षरीच्या तपशिलातच नोंदवता येते.

नकार देताना कोणते हेडर गहाळ होते, त्याची नोंद सर्व्हरच्या लॉगमध्ये जरूर ठेवावी. दोष पुष्कळदा प्रेषकाचा नसतोच. एनजिनएक्स हा लोकप्रिय सर्व्हर, सेटिंग न बदलल्यास, नावात अंडरस्कोर असलेली हेडरे मुकाट्याने गाळून टाकतो आणि अभियंते मात्र गुप्त किल्ली तपासत बसतात.