घड्याळ लावून दिलेलं औषध

कॅन्सरचं नाव निघालं की आपल्या बैठकीत दोनच गोष्टी बोलल्या जातात. खर्च किती येतो, आणि माणूस वाचतो का. दुखण्याचं कुणी काढतच नाही. "कॅन्सर आहे म्हटल्यावर दुखायचंच," म्हणतात आणि विषय संपतो. पण हे दुखणं आटोक्यात ठेवता येतं. ते कसं कळलं, त्याचा इतिहास आज आम्ही सांगणार आहोत. त्याची सुरुवात एका नर्सपासून होते.

सिसिली साँडर्स लंडनच्या. जन्म १९१८ चा. युद्धाच्या काळात त्या नर्स झाल्या, पण पाठीनं दगा दिला. मग दवाखान्यातच रुग्णांच्या घरच्या अडीअडचणी बघण्याचं काम घेतलं. तिथं डेव्हिड तास्मा नावाचा, पोलंडहून आलेला एक निर्वासित कॅन्सरनं अंथरुणाला खिळला होता. जवळचं कुणी नाही. मरणाऱ्या माणसाला नीट जागा कशी असावी, यावर दोघं तासन्‌तास बोलत. १९४८ साली तो गेला आणि जाताना त्यांच्या नावे ५०० पौंड ठेवून गेला.

पुढं त्यांनी एका दवाखान्यात बघितलं की तिथल्या नर्सा मॉर्फिन ठरलेल्या वेळी देतात. बाकी ठिकाणी रुग्ण ओरडायला लागल्यावर देत. भुकेनं जीव कासावीस झाल्यावर चूल पेटवायची की वेळेवर ताट वाढायचं, एवढाच तो फरक. पण नर्सचं ऐकणार कोण? एका सर्जननं सांगितलं, डॉक्टर हो, तरच ऐकतील. तिशी उलटलेली ही बाई पुन्हा शिकायला बसली आणि १९५७ साली डॉक्टर झाली! १९६७ मध्ये त्यांनी सेंट ख्रिस्तोफर हॉस्पिस उभं केलं. दुखणं फक्त शरीराचं नसतं, त्यात भीती, पैशाची चिंता, घरच्यांचा घोर हे सगळं असतं, असं त्या शिकवत. हे आपल्या बायकांना कुणी समजावून सांगायला नको.

आपल्याकडे १९८६ साली मुंबईत वांद्र्याला शांती अवेदना सदन सुरू झालं, देशातलं पहिलं हॉस्पिस. टाटा हॉस्पिटलचे सर्जन डॉ. लुईस डिसूझा यांनी ते काढलं. पण त्याच्या आदल्याच वर्षी अमली पदार्थांचा कडक कायदा आला होता. मॉर्फिन अफूपासून बनतं. त्यामुळे परवाने वाढले, शिक्षेची भीती वाढली, आणि दवाखान्यांनी मॉर्फिन ठेवणंच सोडलं. मध्य प्रदेशात नीमचकडे सरकारी परवान्यानं अफू पिकते, तिथून परदेशात जाते, आणि इथली बाई रात्रभर कण्हते. आम्हाला तरी यापेक्षा उलटा कारभार आठवत नाही. कायद्यात सुधारणा व्हायला २०१४ उजाडलं.

वाट दाखवली केरळनं. १९९३ साली कोळिकोडला डॉ. राजगोपाल आणि त्यांच्या साथीदारांनी वेदनाशमनाची संस्था काढली. पुढं मलप्पुरम जिल्ह्यात गावकऱ्यांनीच हे काम अंगावर घेतलं. नर्स घरी जाते, सोबत गावातली शिकवून तयार केलेली माणसं असतात, आणि पैसाही बराचसा गावातूनच थोडा थोडा जमतो. आपल्या गटासारखंच की! २००८ मध्ये केरळ सरकारनं यासाठी धोरणच केलं.

त्या नर्सा घरच्यांना जे शिकवतात ते साधं असतं. पडून असलेल्या माणसाची कूस दर दोन तासांनी बदला. तोंड आलं असेल तर मीठ आणि खायचा सोडा घातलेल्या पाण्यानं चूळ भरायला द्या. मॉर्फिननं शौचाला खडा होतो, म्हणून त्याचं औषध पहिल्या दिवसापासून सोबत हवं. जखमेला वास येत असेल तर त्यावरही औषध आहे, नर्सला विचारा. वासामुळे घरचेच लांब बसायला लागतात, आणि ते माणसाला जखमेपेक्षा जास्त लागतं.

"व्यसन लागेल" असं सासूबाई म्हणतीलच. डॉक्टरांच्या देखरेखीखाली दुखण्यासाठी घेतलेल्या मॉर्फिनचं व्यसन क्वचितच लागतं. मात्र डोस आपल्या मनानं वाढवायचा नाही, आणि एकदम बंदही करायचा नाही. जिल्हा रुग्णालयात गेलात तर "पॅलिएटिव्ह केअर कुठं आहे?" असं नाव घेऊन विचारा. दुखणं किती वाजता उठतं, गोळीनं किती वेळ उतरतं, हे वहीत लिहून न्या. डॉक्टर आधी तेच विचारतात.