सात आसनी हायब्रिड गाडी : कुटुंबाची पसंती आणि इंधनाचा हिशेब

पेट्रोल इंजिन आणि विद्युत मोटार अशा दोहोंवर चालणारी, भारतातच तयार होणारी पहिली सात आसनी गाडी नोव्हेंबर २०२२ मध्ये सादर झाली. टोयोटा कंपनीच्या कर्नाटकातील बिडदी येथील कारखान्यात बनणाऱ्या या गाडीचे नाव इनोव्हा हायक्रॉस. त्यापूर्वी २०२० मध्ये वेलफायर ही आयात केलेली हायब्रिड गाडी आली होती. परंतु तिची किंमत पाऊण कोटी रुपयांच्या पुढे असल्याने सामान्य कुटुंबाचा तिच्याशी संबंध आला नाही. हायक्रॉसच्या बाबतीत चित्र निराळे दिसले. मागणी पुरवठ्यापेक्षा इतकी वाढली की एप्रिल २०२३ मध्ये तिच्या वरच्या श्रेणींची नोंदणी कंपनीला काही काळ थांबवावी लागली. कुटुंबांना अशी गाडी हवी आहे का, या प्रश्नाचे उत्तर बाजाराने दिले आहे. मात्र ती हवी असण्याचे कारण इंधनाची बचत हेच आहे काय, हे तपासून पाहण्यासारखे आहे.

मराठी बोलीत ‘मिनीव्हॅन’ हा शब्द फारसा रुळला नाही. ‘मोठी गाडी’ किंवा नुसते ‘इनोव्हा’ म्हटले की काम भागते. त्याआधी याच कामासाठी ‘सुमो’ आणि ‘ट्रॅक्स’ ही नावे चालत. १९९४ मध्ये आलेल्या सुमोचे नाव टाटा मोटर्सचे शिल्पकार सुमंत मुळगावकर यांच्या नाव-आडनावाच्या आद्याक्षरांवरून ठेवले गेले होते. २००० मध्ये क्वालिस आणि २००५ मध्ये इनोव्हा आली. आजी-आजोबांपासून नातवंडांपर्यंत सारे घर एकाच गाडीत बसून देवदर्शनाला निघते, ती गाडी पुढे बहुधा हीच असे.

कुंभकोणमच्या परिसरात हे दृश्य नित्याचे आहे. तंजावरचे बृहदीश्वर मंदिर आणि भोसले राजघराण्याचा सरस्वती महाल ग्रंथसंग्रह पाहून महाराष्ट्रातील अनेक कुटुंबे पुढे नवग्रह यात्रेला जातात. सूर्यनारकोविल, कंजनूर, तिरुनागेश्वरम, आलंगुडी, तिंगळूर, वैदीश्वरनकोविल, तिरुवेंकाडू, कीळपेरुंपळ्ळम आणि पुदुच्चेरीच्या कारैकाल जिल्ह्यातील तिरुनळ्ळार अशी ही नऊ स्थाने आहेत. तिरुनीलक्कुडी त्यांच्यापैकी नव्हे. ते कुंभकोणमहून सुमारे १५ किलोमीटरवर, कारैकालच्या वाटेवर आहे. येथील नीलकंठेश्वराची थोरवी अप्पर या शैव संतकवीने आपल्या तेवारम पदांत गायिली आहे. हलाहल प्राशन केलेल्या शिवाच्या कंठाचा दाह शमावा म्हणून येथे तिळाच्या तेलाचा अभिषेक होतो आणि ते तेल शिवलिंगात जिरते, अशी भाविकांची श्रद्धा आहे. शनिदर्शनासाठी तिरुनळ्ळारला निघालेली गाडी वाट थोडी वाकडी करून येथे थांबू शकते.

अशा प्रवासाचे स्वरूप वाहनाच्या दृष्टीने महत्त्वाचे ठरते. रस्ता भातखाचरांमधून आणि गावांच्या पेठांतून जातो. वेग क्वचितच वाढतो. दर काही किलोमीटरवर थांबावे लागते. मंदिराबाहेर चालक गाडी उभी करून वाट पाहतो आणि उन्हाचा त्रास होणारी वृद्ध मंडळी अनेकदा वातानुकूलन चालू ठेवून आतच बसतात.

हायब्रिड यंत्रणेचा खरा लाभ नेमका अशाच ठिकाणी मिळतो. कमी वेगात गाडी बरेचसे अंतर केवळ विद्युत मोटारीवर कापते. ब्रेक लावताना एरवी उष्णतेच्या रूपाने वाया जाणारी ऊर्जा बॅटरीत साठविली जाते. वातानुकूलनाचा काँप्रेसर विजेवर चालत असल्याने उभ्या गाडीत इंजिन सतत चालू ठेवण्याची गरज नसते. बॅटरी उतरली की ते थोडा वेळ आपोआप सुरू होते आणि पुन्हा बंद पडते. गाडी बाहेरून चार्ज करावी लागत नाही. याउलट मोकळ्या महामार्गावर एकसारख्या वेगाने जाताना मोटारीला फारसे काम उरत नाही आणि डिझेल इंजिन या स्पर्धेत बरेच जवळ येते. पुण्याहून तंजावरपर्यंतचा पल्ला आणि तंजावरपासून पुढची देवळे, या दोन टप्प्यांचा हिशेब म्हणूनच वेगळा मांडावा लागतो.

आता आकडे पाहू. हायक्रॉसच्या हायब्रिड प्रकाराचे प्रमाणित मायलेज लिटरला २३.२४ किलोमीटर, तर त्याच गाडीच्या साध्या पेट्रोल प्रकाराचे १६.१३ किलोमीटर आहे. प्रत्यक्ष रस्त्यावर दोन्ही आकडे कमी होतात. तरी तुलनेसाठी तेच घेतल्यास दर १०० किलोमीटरमागे सुमारे १.९ लिटर पेट्रोल वाचते. पेट्रोल १०० रुपये लिटर धरले तर ही बचत १९० रुपयांची होते. वर्षाला १० हजार किलोमीटर गाडी चालविणाऱ्या कुटुंबाचे त्यामुळे सुमारे १९ हजार रुपये वाचतील.

डिसेंबर २०२२ मध्ये किमती जाहीर झाल्या तेव्हा साधा पेट्रोल प्रकार १८ लाख ३० हजार रुपयांपासून आणि हायब्रिड २४ लाख १ हजार रुपयांपासून सुरू होत होता. महागड्या प्रकारात सुखसोयीही अधिक होत्या, त्यामुळे सगळा फरक बॅटरी आणि मोटारीचा म्हणता येणार नाही. पण ५ लाख ७१ हजारांचा तो फरक केवळ पेट्रोलच्या बचतीतून भरून काढायचा ठरविल्यास अशा कुटुंबाला तीस वर्षे लागतील. एवढा काळ कोणतेही कुटुंब एक गाडी ठेवत नाही.

वर्षाला ५० हजार किलोमीटर धावणाऱ्या भाड्याच्या गाडीला तोच फरक सहा वर्षांत वसूल होतो. म्हणजे कागदावर हायब्रिडचा सर्वाधिक फायदा भाविकांची ने-आण करणाऱ्या वाहनमालकाचा आहे. पण बॅटरीची हमी आठ वर्षे किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर, यांपैकी जे आधी पूर्ण होईल तोवरच असते. भाड्याची गाडी ही मर्यादा तीन वर्षे आणि दोन-तीन महिन्यांत ओलांडते. पुढची जोखीम मालकाची. शिवाय गावातील गॅरेजवाल्याला डिझेल इंजिनाची नस न नस ठाऊक असते, हायब्रिडची नाही. कंपनीनेही हे ओळखले असावे. इनोव्हा क्रिस्टाचे डिझेल मॉडेल तिने २०२३ मध्ये केवळ हाताने बदलण्याच्या पाच गिअरांसह पुन्हा बाजारात आणले. त्याची किंमत १९ लाखांच्या आसपास सुरू होत होती.

मग कुटुंबे हायब्रिडसाठी जादा पैसे का मोजतात? क्लच नाही, इंजिनाचा आवाज कमी, आणि वेगळी चासी नसलेल्या बांधणीमुळे चढणे-उतरणे सोपे, हे फायदे गुडघेदुखीने त्रस्त असलेल्या आजीला पहिल्याच दिवशी कळतात. त्यासाठी गणित करावे लागत नाही. मागच्या रांगेत प्रौढ माणसाला बसता येते. डिझेल गाड्यांच्या भवितव्याविषयीची शंका हेही एक कारण आहे. राजधानी दिल्लीच्या परिसरातील दहा वर्षांच्या वयोमर्यादेमुळे ती बळावली. विजेवर चालणाऱ्या गाडीत लांबच्या यात्रेत चार्जिंगची चिंता असते, ती येथे नाही. इंधनाची बचत ही बऱ्याच घरांत खरेदीचे समर्थन म्हणून सांगितली जाते, एवढेच.

परदेशातील अनुभव याला पूरक आहे. जपानमध्ये २००१ मध्येच एस्टिमा ही हायब्रिड मिनीव्हॅन विक्रीस आली. अमेरिकेत क्रायस्लरने २०१७ च्या पॅसिफिका मॉडेलमध्ये बाहेरून चार्ज होणारी हायब्रिड दिली. पण मोठ्या बॅटरीला जागा हवी म्हणून जमिनीत घडी होऊन बसणारी मधली आसने त्या प्रकारातून वगळावी लागली. कुटुंबासाठीच्या गाडीत ही किंमत लहान नव्हे. टोयोटाने मात्र २०२१ च्या मॉडेलपासून सिएना ही मिनीव्हॅन अमेरिकेत फक्त हायब्रिड रूपात ठेवली. भारतात मारुतीने हायक्रॉसवर आधारलेली इन्व्हिक्टो जुलै २०२३ मध्ये आणली, तीही केवळ हायब्रिडच. तिची सुरुवातीची किंमत २४ लाख ७९ हजार रुपये होती. दहा-बारा लाखांत सात आसनी गाडी शोधणाऱ्या कुटुंबाला या दोन्हींचा उपयोग नव्हता. त्या कुटुंबाकडे सीएनजीवरील अर्टिगासारखा पर्याय होता. तिच्यात गॅसची टाकी सामानाची जागा अडविते आणि बोचकी टपावर बांधावी लागतात.

करांचे धोरणही या काळात बदलत गेले. वस्तू व सेवा कर लागू झाल्यानंतर मोठ्या हायब्रिड गाड्यांवर उपकरासह ४३ टक्के, तर मोठ्या डिझेल-पेट्रोल गाड्यांवर पुढे ४८ ते ५० टक्के कर होता. विजेवरील गाड्यांवर ऑगस्ट २०१९ पासून तो ५ टक्के झाला. २२ सप्टेंबर २०२५ पासून उपकर रद्द होऊन मोठ्या गाड्यांसाठी ४० टक्के हा एकच दर आला. त्यात हायब्रिड गाड्याही आल्या. कर घटला, पण डिझेलच्या तुलनेत असलेली सवलत संपली.

२०२३ च्या आरंभी घरोघरी पोहोचलेल्या पहिल्या हायक्रॉस गाड्यांच्या बॅटरीची आठ वर्षांची हमी २०३१ मध्ये संपू लागेल. जुन्या बाजारात तेव्हा त्यांना काय भाव येतो, त्यावर दुसऱ्या हाताने गाडी घेणाऱ्या कुटुंबांचा कौल ठरेल. भाड्याने गाड्या चालविणाऱ्यांपैकी अनेक जण गाडी घेतात ती याच जुन्या बाजारातून.