पेंटरांच्या हाताखाली

थंडी बोचरी आहे. मफलर कानांवर ओढा आणि बाकावर जरा सरकून बसा. साल 1954, जानेवारी. तुम्ही कोल्हापुरात महाद्वार रोडवरच्या एका चहाच्या हॉटेलात आहात. बशीतल्या चहावर साय धरायला लागली आहे, कारण सगळी बाकं एकदम बोलतायत आणि कुणाचं ऐकावं ते तुम्हाला कळत नाही. बाबूराव पेंटर 16 तारखेला गेले. एका बाकाचं म्हणणं, माणसानं सिनेमाचा कॅमेरा स्वतः घडवला, कोल्हापुरात बसून. दुसऱ्या बाकाला कॅमेऱ्याचं काही सोयरसुतक नाही. त्यांचे पेंटर म्हणजे नाटकाचे पडदे. बाबूराव आणि त्यांचे चुलतभाऊ आनंदराव यांनी रंगवलेला महाल दिसला की पुढचे नट गेले उडत. तिसरा एक जण शिवाजी चौकाच्या दिशेला हात करून विचारतोय, तो पुतळा कुणाच्या हातचा, सांगा की.

कोपऱ्यात टोपी मांडीवर घेऊन एक गृहस्थ बसलेत. नखांच्या कडांना निळा रंग आहे, धुऊन न जाणारा. "आम्हाला शिकवलं त्यांनी," एवढंच ते म्हणतात. काय शिकवलं? कुठल्या शाळेत? गृहस्थ तोंड उघडतात, मिटतात आणि आणखी एक चहा मागवतात.

यांच्याकडून उत्तर निघायचं नाही. तुम्हीच जाऊन या.

मफलर ठेवा, लागणार नाही. घड्याळही ठेवा. अंगात बाराबंदी, कमरेला आखूड धोतर, ओठांवर नुकती लव. एकोणतीस-तीस वर्षं मागे, ऐन उन्हाळ्यात, सकाळी. अंबाबाईच्या देवळातली घंटा वाजतेय. कट्ट्यावर म्हशी उभ्या आहेत आणि गवळी गिऱ्हाइकाच्या तांब्यातच धार काढतोय. फेस नाकाला लावून पैलवान पोरं दूध रिचवतायत, त्यांच्या अंगाला तालमीतली तांबडी माती तशीच. टांग्याच्या घोड्यानं तुमच्या पायाशेजारी नको ते करून ठेवलंय. पाय बघून टाका आणि खरी कॉर्नरकडे चालू लागा. पत्ता विचारायची गरज नाही. नाकानं जा. कुजलेल्या चामड्याचा वास येऊ लागला, पोट ढवळलं, की समजा पोचलात. ही पेंटरांची महाराष्ट्र फिल्म कंपनी, आणि तो वास सरसाचा.

"नवा का रं तू?" चुलीपाशी उकिडवा बसलेला थोरला पोरगा विचारतो. त्याला दादा म्हणा. तो तुमच्या हातात एक दांडका देतो. "ढवळ. करपलं तर मुडदा पाडीन."

तर हा तुमचा पहिला धडा. चित्रकला शिकायला आलात आणि सरस ढवळताय. शेणीचा धूर डोळ्यांत जातो, घाम हनुवटीवरून घमेल्यात पडतो, आणि दादा म्हणतो, पडू दे, मीठ चांगलं असतं. (खोटं आहे. सरसात मिठाचं काही काम नसतं.) पातळ सरसात सफेदा कालवायचा, मग गेरू, पिवडी, नीळ, काजळी. सरस कमी पडला तर वाळल्यावर रंग हाताला लागतो, जास्त पडला तर रंगाला तडे जातात आणि पडदा गुंडाळला की अर्धा महाल जमिनीवर. किती पुरे हे लिहिलेलं कुठेच नाही. दोन बोटांत चिमटून, बोटं उघडून, तार किती ताणते ते बघायचं. तुम्ही चिमटता. भाजतं. पुन्हा चिमटता.

आणि ते आले. कुणी "पेंटर आले" असं ओरडत नाही. फक्त गप्पा थांबतात. दाढी वाढलेली, नजर तुमच्यावर नाही, तुमच्या घमेल्यावर. ते बोट बुडवतात, अंगठ्यावर घासतात, उन्हात धरतात आणि पुढे जातात. बरं झालं की वाईट? तुम्ही दादाकडे बघता. दादा खांदे उडवतो. न बोलणाऱ्या गुरूच्या हाताखाली शिकणं लांबून फार थोर वाटतं. इथं उभं राहून बघा एकदा. दिवसभर तुम्हाला तुमचाच हिशेब करत राहावं लागतं, आणि माझ्या मते तिथंच निम्मं शिक्षण उरकतं.

या माणसाची स्वतःची शाळासुद्धा लवकर सुटली होती. वडील कृष्णा मेस्त्री हाताचे कारागीर, घरात हत्यारांचा आवाज. चित्र काढायचं, पुतळा घडवायचा, यंत्र उघडून पुन्हा बसवायचं, ही सगळी त्या घरात एकाच जातीची कामं. आनंदराव 1916 मध्ये गेले, तेव्हा दोघांच्या डोक्यातला कॅमेरा अपुराच होता. तो नंतर पुरा झाला दामल्यांच्या मदतीनं. पैसा उभा राहिला तानीबाई कागलकर या गाणाऱ्या बाईंच्या विश्वासावर. त्यामुळे इथं चित्रकाराचा वर्ग वेगळा आणि लोहाराचा वेगळा असं काही नाही. आवारात नुसता फेरफटका मारा. ते किडकिडीत गृहस्थ यंत्रात डोकं घालून बसलेत ना, ते विष्णुपंत दामले, सगळ्यांचे दामलेमामा. भिंतीला गिलावा वाटावा असा रंग चढवतायत ते फत्तेलाल, साहेबमामा. आणि तो चपळ पोरगा, मघाशी झाडलोट करताना दिसला, आता शिडीवर आहे आणि थोड्या वेळानं डोक्याला मुंडासं बांधून शेतकरी होणार आहे, तो शांताराम. त्याला त्याचे मावसभाऊ बाबूराव पेंढारकर इथं घेऊन आले. त्याच्याकडे रोखून बघू नका, त्याला अजून काही माहीत नाही.

ऊन वर आलं. चला, आता अंगणात पळा.

शूटिंग उन्हातच चालतं. वर पांढरी मलमल ताणलीय, खाली झोपडी आहे, म्हणजे झोपडीच्या दीड भिंती. 'सावकारी पाश' नावाचं चित्र चाललंय, हरि नारायण आपट्यांच्या कथेवरचं. देव नाहीत, राक्षस नाहीत, आकाशातून कुणी उतरत नाही. कर्जात बुडालेला शेतकरी आणि त्याची जमीन. तुमच्या हातात बेगड चिकटवलेली मोठी फळी दिलीय. तिच्यावर ऊन झेलायचं आणि नटाच्या गालावर टाकायचं. सोपं वाटतं? पाच मिनिटं धरा. दंड थरथरतात, माशी नाकावर बसते, आणि फळी तसूभर हलली की गालावरचा उजेड कपाळावर नाचतो. मग सगळं थांबतं. पेंटर तुमच्याकडे येतात. आता शिव्या खाणार म्हणून तुम्ही मान खाली घालता. ते फळी तुमच्या हातातून काढून घेतात, जमिनीवर ठेवतात आणि तुमची हनुवटी धरून तोंड झोपडीकडे वळवतात.

बघा.

काय बघायचं? तुम्हाला एक काळा कोपरा दिसतो. दारात बसलेलं कुत्रं दिसतं. तुम्ही बघत राहता. पेंटर अजून हनुवटी सोडत नाहीत. त्यांच्या बोटांना अळशीच्या तेलाचा वास आहे. हळूहळू कोपऱ्यातला काळोख फाटतो. त्यात एक मडकं आहे, तांबूस. भिंतीच्या सावलीत खालून मातीची झाक चढलीय, वरून आभाळाची निळी उतरलीय. कोपरा काळा नव्हताच. हनुवटी सुटते. फळी पुन्हा तुमच्या हातात येते, पण आता ती कुठे धरायची हे सांगावं लागत नाही. तुम्ही ती बाजूला घेता, म्हणजे कोपरा अंधारातच राहील आणि कुत्र्याच्या पाठीवर तेवढी कड उजळेल. कुत्रं मात्र तुमच्या शिक्षणाची पर्वा न करता उठतं आणि निघून जातं. त्याला भाकरी दाखवून परत आणायचं काम कुणाचं? तुमचंच.

ढग आला. कामाला सुट्टी. ढगाला पगार नाही, दादा म्हणतो, नाहीतर तो मॅनेजर झाला असता.

भाकरी, झुणका, लसणीचा खर्डा. पितळ्या वाजतायत, जिभेला चटका बसलाय आणि पाण्याची घागर लांब आहे. याच आवारात 'सैरंध्री' चित्राच्या वेळी गुलाबबाई आणि अनसूयाबाई राहायला आल्या. पडद्यावर बाईचं काम बाईनंच करायचं ठरलं आणि त्यांच्याच लोकांनी त्यांच्याशी संबंध तोडले. जेवता जेवता हे कुणीतरी सांगतं, पुढचा घास घेतं आणि विषय टांग्याच्या भाड्याकडे वळतो. पंगतीला दामलेमामांच्या शेजारी साहेबमामा बसलेत, मधे खर्ड्याचा एकच दगड.

दुपारी ऊन डोक्यावर आलं की तुम्हाला अंधाऱ्या खोलीत ढकलतात. बाहेरच्या भट्टीतून आत येऊन बरं वाटेल असं समजू नका. दार बंद, पडद्यावर पडदा, लाल दिव्याची एक ठिणगी आणि नाकात झोंबणारा रसायनांचा वास. लाकडी टाकीत फिल्म वरखाली होते. तिच्यावर सकाळचं कुत्रं उमटतं, उलटं, पाठ काळी आणि अंधार पांढरा. तुम्ही फळी कुठे धरली होती ते आता सगळ्या कंपनीला दिसणार. हे रीळ डोळे भरून बघा, कारण तुमच्या काळात ते बघायला मिळणार नाही. मूकपटांच्या फिती पेटायला लागणारा वेळ काडीपेटीच्या काडीइतकाच, आणि न पेटलेल्या सडून गेल्या. 'सैरंध्री' गेली, हा 'सावकारी पाश'ही गेला. पेंटरांनी 1936 मध्ये तो बोलपट म्हणून पुन्हा काढला, पण ही आजची झोपडी त्यात नाही.

म्हणून हॉटेलातली बाकं कॅमेरा, पडदा आणि पुतळा मोजत बसली होती. ज्याला हात लावता येतो ते मोजायला बरं. याच आवारातली माणसं मात्र मोजायची राहून गेली. 1929 मध्ये दामले, फत्तेलाल, शांताराम आणि धायबर इथून बाहेर पडतील आणि 'प्रभात' फिल्म कंपनी काढतील. गुरूला सोडून जाणं कुणालाच गोड वाटलं नसेल. पण कधी 'प्रभात'चा 'संत तुकाराम' लागला तर देहूतल्या त्या ओसरीच्या सावलीकडे नीट बघा. दिग्दर्शक म्हणून नावं दामले आणि फत्तेलाल यांची आहेत. ती हनुवटी कुणी धरली होती, हे मात्र तुम्हाला आता माहीत आहे.

संध्याकाळ. हात धुऊन काही उपयोग नाही, नखांतली नीळ राहणारच. आज रात्री थेटरात जुना 'सिंहगड' लागलाय आणि दादा म्हणतो, चल, फुकट आहे, पोस्टर आपणच चिकटवायचंय. पेंटर स्वतःच्या चित्रांची पोस्टरं स्वतः रंगवतात. मोठ्या कागदावर भरघोस माणसं, ज्यांना वाचता येत नाही त्यांनाही लांबून कळावीत अशी. तुम्ही खळीचं डबडं धरता, गरम खळ कोपरापर्यंत ओघळते. भिंतीभोवती गर्दी जमते. भेळवाला गाडी आडवी लावतो. एक म्हातारी पोस्टरातल्या तानाजीला बोटं मोडून दृष्ट काढते. आत शेंगांची टरफलं पायाखाली कडकड वाजतायत, विड्यांचा धूर छतापर्यंत, आणि बाजाची पेटी सूर सोडून पळतेय. पडद्यावर रात्रीचा कडा येतो. ही रात्र खरीखुरी दिवे लावून टिपलेली आहे, उन्हाला रात्र म्हणून खपवलेलं नाही. मागून कुणीतरी तानाजीला ओरडून सांगतं, डावीकडं बघ, डावीकडं! तानाजी ऐकत नाही. थेटर हळहळतं. तुम्ही मात्र कड्याच्या सावलीत किती रंग लपलेत ते शोधताय, काळ्यापांढऱ्या चित्रात, आणि शेजारचा तुम्हाला कोपर मारतोय, अरं, लढाई बघ की!

खेळ सुटल्यावर पाय चालत नाहीत. दादा टांगा करतो, आज त्याच्याकडे पैसे आहेत. कंदिलाच्या उजेडात घोड्याची सावली भिंतीवरून धावतेय आणि तुम्हाला राहवत नाही.

"मामा, तुमच्या घोड्याची सावली जांभळी आहे."

टांगेवाला वळून बघतो. "काय?"

"काळी नाही ती. नीट बघा. खालच्या अंगाला तपकिरी, वर जांभळी."

"पिऊन बसलाय का ह्यो?" तो दादाला विचारतो.

"न्हाई वो," दादा म्हणतो, "कंपनीतला हाय. आज पहिलाच दिवस."

"मग भाडं आधी काढा," टांगेवाला लगाम खेचतो, "मागच्या आठवड्यात एकानं अर्धा तास माझ्या घोड्याचं तोंड काढलं आन् पैसं न देताच गेला."