वळण आणि खाडाखोड



मराठीत ‘वळण’ हा शब्द अक्षरालाही लागतो आणि मुलालाही. अक्षर सुधारले की माणूसही सुधारतो, अशी आपल्या जुन्या शिक्षकांची श्रद्धा होती. चीनमध्ये थांग राजवटीत तर अधिकाऱ्याची निवड करताना त्याचे हस्ताक्षरही पारखले जाई. त्या काळातील यान झेनचिंग (७०९–७८५) या राजसेवक पंडिताच्या चरित्रावर ही श्रद्धा आज मला तपासून पाहावयाची आहे.

वडिलांचे छत्र लहानपणीच हरपलेल्या यानने ७३४ मध्ये राजपरीक्षेत यश मिळविले. ७५२ च्या ‘बहुरत्न स्तूप’ शिलालेखातील त्याचे अक्षर रेखीव व काटेकोर आहे. पुढे ते रुंद, भारदस्त झाले. शतकानुशतके चिनी मुलांनी त्याच अक्षराचा कित्ता गिरविला.

परंतु रसिक ज्यापुढे नतमस्तक होतात, तो कागद मात्र खाडाखोडीचा आहे.

७५५ च्या अखेरीस सेनापती आन लुशानने बंड केले. पिंगयुआनचा प्रांताधिकारी असलेल्या यानने संकट आधीच ओळखले होते. पावसाचे निमित्त करून त्याने तटबंदी दुरुस्त केली, खंदक खोदविले, धान्य साठविले. उत्तरेतील ठाणी एकामागून एक शरण जात असता पिंगयुआन उभे राहिले. छांगशान येथे त्याचा चुलतभाऊ यान गाओचिंगही बंडखोरांविरुद्ध उभा ठाकला. या दोघांमध्ये निरोप पोहोचविणारा तरुण म्हणजे गाओचिंगचा मुलगा जीमिंग. ७५६ मध्ये छांगशान पडले. मदत आलीच नाही. जीमिंगचा शिरच्छेद झाला आणि गाओचिंगला लुओयांगला नेऊन ठार करण्यात आले. घरातील तीसहून अधिक माणसे बळी पडली.

७५८ मध्ये पुतण्याचे केवळ शिर हाती आले. तेव्हा यानने श्राद्धलेखाचा मसुदा लिहिला. आरंभी हात संयत आहे. पुढे शब्द खोडले जातात, शाई सुकत जाते, ओळी वाकतात. तो मूळ कागद आज तैपेईच्या राष्ट्रीय राजप्रासाद संग्रहालयात आहे. मला चिनी भाषा येत नाही. तरीही त्याची प्रतिकृती प्रथम पाहिली, तेव्हा अर्थ कळण्याआधीच शोक कळला. विद्यार्थ्यांच्या खाडाखोडीचे गुण उभा जन्म कापणारा मी त्या दिवशी काहीसा ओशाळलो.

यानची खरी परीक्षा पुढेच होती. ७८३ मध्ये प्रधान लू ची याच्या कारस्थानाने या वृद्धाला ली शीलिए या बंडखोराकडे बोलणीसाठी धाडण्यात आले. शरण ये, नाहीतर आगीत टाकू, अशी धमकी मिळताच तो स्वतःच आगीकडे निघाला. लोकांनी त्याला अडविले. अखेर ७८५ मध्ये कैदेतच त्याचा गळा आवळण्यात आला.

म्हणून सुंदर अक्षराचा माणूस सज्जनच असतो, असे मी म्हणणार नाही. सोंग राजवटीतील प्रधान त्साय जिंग उत्तम सुलेखनकार होता, आणि इतिहासात त्याची नोंद भ्रष्ट मंत्री म्हणून आहे. आपल्या शिक्षकांची श्रद्धा अर्धी खरी होती, एवढेच म्हणता येईल. कित्त्याने हाताला वळण लागते. माणसाला लागलेले वळण मात्र संकटाच्या दिवशीच दिसते. त्या दिवशी यानचे अक्षर डगमगले, तो डगमगला नाही.

या शाळेने आपल्या हातांना वळण लावले. उरलेले आपल्याकडे आहे. ज्यांच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत, त्या गुरुजनांना माझे विनम्र अभिवादन.