‘गोल्डफिंगर’मधल्या चुकांचं वय

अणुबॉम्बवरचं घड्याळ उलटं मोजत असतं. बाँडला तो निकामी करायचं जमत नाही. तो वायर उपटणार एवढ्यात एक तज्ज्ञ येतो, शांतपणे एक बटण बंद करतो आणि आकडा ००७ वर थांबतो. पुढे बाँड म्हणतो, आणखी तीन टिकटिक झाल्या असत्या तर गोल्डफिंगरचा डाव साधला असता. सात सेकंद उरलेले असताना तीन का? तर मुळात घड्याळ ००३ वर थांबायचं होतं. नंतर कुणाला तरी ००७ची गंमत सुचली, चित्र बदललं आणि संवाद तसाच राहिला.

‘गोल्डफिंगर’ (१९६४) मधल्या चुकांची यादी कुठेही वाचा, ही चूक वरच्या पाच-दहांत सापडतेच. पडद्यामागच्या गमतीही ठरलेल्या असतात. खलनायक झालेल्या गर्ट फ्रोबचं इंग्रजी कच्चं होतं, म्हणून त्याचा आवाज मायकेल कॉलिन्स या इंग्लिश नटाचा आहे. मायामीतल्या प्रसंगांसाठी शॉन कॉनरी मायामीला गेलाच नाही, त्याचं काम लंडनजवळच्या पाइनवुड स्टुडिओत झालं. फोर्ट नॉक्सच्या तिजोरीचा भव्य सेट केन अ‍ॅडमनं खरी तिजोरी आतून न पाहताच उभारला.

या याद्या मला आवडतात, पण त्यांत एक गोष्ट खटकते. त्या सगळ्या चुका एकाच मापानं मोजतात. ००३ आणि ००७चा घोळ ही निव्वळ संकलनातली हयगय आहे. पण काही चुका त्या काळी चुका नव्हत्याच, काही पुढे खऱ्या ठरल्या, आणि काही गोष्टी तेव्हा खऱ्या असून आज खोट्या वाटतात. चुकीला वय असतं, आणि ते पाहिलं की या करमणुकीच्या सिनेमातून १९६४चं जग बरंच नीट दिसतं.

सगळ्यात प्रसिद्ध चुकीपासून सुरुवात करू. जिल मास्टरसन या तरुणीच्या अंगभर सोनेरी रंग फासून तिला मारलं जातं. बाँड समजावतो की त्वचेला श्वास घेता आला नाही की माणूस गुदमरतो, म्हणून नर्तकी पाठीच्या कण्याखाली थोडी जागा कोरी ठेवतात. हे साफ खोटं आहे. माणूस फुप्फुसांनी श्वास घेतो. त्वचेचा वरचा पातळ थर हवेतून थोडा ऑक्सिजन घेतो, पण त्यावर जीव अवलंबून नसतो. सर्वांग रंगवून बराच वेळ राहिलं तर खरा धोका घाम अडून शरीर तापण्याचा. गंमत म्हणजे सिनेमा काढणाऱ्यांचाही या समजुतीवर विश्वास होता. शर्ली ईटनला रंगवताना पोटावरचा भाग कोरा ठेवला होता. तरीही ती त्या चित्रीकरणात मेली अशी अफवा पुढे कित्येक वर्षं फिरत राहिली. ही चूक १९६४तही चूकच होती, आणि तरी सिनेमातली सर्वांत जास्त लोकांना पटलेली ‘माहिती’ हीच असावी.

लेझरचं उलट आहे. इयन फ्लेमिंगच्या १९५९च्या कादंबरीत बाँडला टेबलावर बांधून त्याच्याकडे गोल करवत सरकवली जाते. पहिला लेझर थिओडोर मेमननं १९६० साली चालवून दाखवला आणि सिनेमावाल्यांना करवत एकदम जुनाट वाटली. त्यांनी लेझर आणला. पडद्यावर दिसणारा लाल किरण नंतर फिल्मवर चढवलेला आहे, आणि टेबलाचा पत्रा खरं तर खाली दडलेला एक तंत्रज्ञ गॅसच्या ज्योतीनं कापत होता. याद्यांमध्ये हमखास लिहिलेलं असतं की लेझरचा किरण स्वच्छ हवेत बाजूनं असा दिसत नाही. ते बरोबर आहे. पण मोठी अडचण वेगळी होती. तेव्हा असा पत्रा सरसर कापणारं लेझरयंत्र कुणाकडेच नव्हतं.

ते यायला फार वेळ लागला नाही. त्याच सुमारास अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये कुमार पटेल यांनी कार्बन डायऑक्साइड लेझर बनवला. पटेल बारामतीत जन्मले आणि पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजातून पदवी घेऊन अमेरिकेला गेले. १९६७ साली इंग्लंडमध्ये पीटर हूल्डक्रॉफ्ट यांनी याच जातीच्या लेझरला ऑक्सिजनच्या झोताची जोड देऊन पोलादाचा पत्रा कापला. नंतर कारखान्यांमधून लेझर कटिंग पसरलं ते याच वाटेनं. या लेझरचा किरण अवरक्त असतो, म्हणजे डोळ्यांना दिसतच नाही. सिनेमाचा रंग चुकला, पण काम तीन वर्षांत खरं झालं.

बॉम्बच्या बाबतीत एवढंही थांबावं लागलं नाही. कथेत गोल्डफिंगरला हा बॉम्ब साम्यवादी चीन पुरवतो. सिनेमा लंडनमध्ये १७ सप्टेंबर १९६४ रोजी लागला तेव्हा चीननं एकही अणुचाचणी केलेली नव्हती. पहिली चाचणी लोप नूरला झाली १६ ऑक्टोबरला. सिनेमा चालू असतानाच, अवघ्या २९ दिवसांत, अतिशयोक्ती बातमी झाली.

आता सोनं. गोल्डफिंगरला फोर्ट नॉक्स लुटायचं आहे असं समजून बाँड त्याला हिशोब ऐकवतो: पंधरा अब्ज डॉलरच्या सोन्याचं वजन १०,५०० टन. ते दोनशे ट्रकांत चढवायला साठ माणसांना बारा दिवस लागतील, आणि तुझ्याकडे फार तर दोन तास आहेत. हा संवाद म्हणजे फ्लेमिंगवरची टीकाच आहे. कादंबरीत खरोखरच सोनं चोरण्याचा बेत असतो, आणि पटकथाकारांना त्यातली अडचण कळली होती. पण दुसऱ्याची चूक दुरुस्त करताना त्यांनी स्वतः काय केलं, ते पाहण्यासारखं आहे.

तेव्हा सोन्याचा अधिकृत भाव एका ट्रॉय औंसाला ३५ डॉलर होता, आणि ट्रॉय औंस म्हणजे ३१.१ ग्रॅम. या भावानं पंधरा अब्ज डॉलरचं सोनं भरतं सुमारे १३,३०० मेट्रिक टन. ब्रिटिश टन थोडा मोठा, तरी १३,१०० टन होतात. बाँडच्या १०,५०० ब्रिटिश टनांची किंमत निघते बारा अब्ज. म्हणजे दुसऱ्याला हिशोब शिकवता शिकवता त्यानं तीन अब्ज डॉलरचं सोनं हरवलं! शिवाय त्या काळात अमेरिकेचा देशभरातला सगळा साठाच साधारण पंधरा अब्जांचा होता. तो एकट्या फोर्ट नॉक्समध्ये नव्हता.

साठ माणसं आणि बारा दिवस हे मात्र जमतं. एका माणसाच्या वाट्याला दिवसाला सुमारे १,२०० विटा येतात. वीट साडेबारा किलोची. दहा तास काम धरलं तर दर तीस सेकंदांना एक वीट. कंबरडं मोडेल, पण अशक्य नाही. ट्रकांचा हिशोब फसतो, कारण एका खेपेत न्यायचं तर प्रत्येकावर बावन्न टन लादावे लागतील. आणि केन अ‍ॅडमचं ते सोन्याचं देऊळ? पंधरा अब्जांचं सगळं सोनं जेमतेम नऊ मीटर लांबी, रुंदी आणि उंचीच्या एका ठोकळ्यात मावतं. सोनं इतकं जड असतं की त्याचा ढीग नेहमी अपेक्षेपेक्षा लहानच निघतो.

याउलट गोल्फच्या सामन्यात पणाला लावलेल्या विटेची किंमत पाच हजार पौंड सांगितली आहे, ती चोख आहे. वीट ४०० औंसांची, म्हणजे १४,००० डॉलर, आणि तेव्हाच्या २.८० डॉलरला एक पौंड या दरानं बरोबर पाच हजार. तिथं कुणीतरी नीट गुणाकार केला होता.

गोल्डफिंगरचा खरा बेत चोरीचा नसतोच. कोबाल्ट आणि आयोडीन घातलेला बॉम्ब तिजोरीत फोडायचा, अमेरिकेचं सोनं ५८ वर्षं किरणोत्सारी करून टाकायचं, म्हणजे त्याच्याकडच्या सोन्याचा भाव दहापट होईल. ५८ हा आकडा हवेतला वाटतो, पण कोबाल्ट-६०चं अर्धायुष्य ५.२७ वर्षं असतं, आणि त्याची अकरा अर्धायुष्यं होतात ५८ वर्षं. तोवर त्याचा दोन हजारावा हिस्साच उरतो. हा हिशोब कुणी मुद्दाम केला की योगायोग, कोण जाणे! सोनं स्वतः मात्र फार लवकर निवतं. न्यूट्रॉन शोषून तयार होणाऱ्या सोनं-१९८चं अर्धायुष्य २.७ दिवस आहे, म्हणजे त्याच मापानं महिन्याभरात ते निवळेल. उरते ती वर बसलेली कोबाल्टची धूळ.

त्याहून मोठा आक्षेप असा की तिजोरीतल्या सोन्याला हात लावायची गरजच नसते. न्यूयॉर्कच्या फेडरल रिझर्व्ह बँकेच्या तळघरात अनेक देशांचं सोनं असतं, आणि मालक बदलला तरी ते त्याच तळघरात राहतं. फार तर एका कप्प्यातून दुसऱ्यात जातं. मग ते किरणोत्सारी असलं तरी बिघडलं कुठे?

पण इथे मला गोल्डफिंगरची बाजू घ्यावीशी वाटते. १९६४ साली डॉलरमागे सोनं आहे या भरवशावर जगाचा व्यवहार चालत होता, आणि तो भरवसा आधीच डळमळत होता. ऑक्टोबर १९६० मध्ये लंडनच्या बाजारात सोनं ४० डॉलरवर गेलं. भाव दाबून धरायला पुढच्याच वर्षी आठ देशांच्या मध्यवर्ती बँकांना एकत्र यावं लागलं. अशा वेळी सोनं नासल्याची नुसती बातमी पुरली असती. आज ही कल्पना बाळबोध वाटते, कारण १५ ऑगस्ट १९७१ला निक्सननं टीव्हीवरून भाषण करून डॉलर आणि सोन्याची गाठच सोडली. पुढे १९७९ साली भाव ३५० डॉलरच्या वर गेला. गोल्डफिंगरला हवा होता तसा दहापट, आणि कुठेही बॉम्ब न फोडता.

शेवटी, कुठल्याच यादीत नसलेली एक गोष्ट. सिनेमाच्या सुरुवातीला बँक ऑफ इंग्लंडचा अधिकारी बाँडला सांगतो की इंग्लंडातलं सोनं चोरून पाकिस्तानात नेलं तर कितीतरी जास्त भाव मिळतो. कादंबरीत हा माल भारतात येतो, विमानातल्या खुर्च्यांच्या रूपानं. यात चूक नाही, म्हणून यादी पुढे सरकते. पण हा धागा आपल्या घरापर्यंत येतो. ३५ डॉलर औंस म्हणजे तेव्हाच्या ४.७६ रुपये दरानं दहा ग्रॅमला ५४ रुपयेसुद्धा होत नव्हते, आणि मुंबईत भाव साधारण त्याच्या दुप्पट होता. ही तफावत हाच तस्करीचा सगळा धंदा.

ती तोडायला अर्थमंत्री मोरारजी देसाईंनी, चीनयुद्धानंतर जानेवारी १९६३ मध्ये, सुवर्णनियंत्रण आणलं. नवे दागिने १४ कॅरेटपेक्षा शुद्ध सोन्याचे करायला बंदी झाली. लोकांनी १४ कॅरेटला हात लावला नाही, तस्करी थांबली नाही, आणि गावोगावच्या सोनारांचं काम बसलं. उपासमारीच्या आणि आत्महत्यांच्या बातम्या येत राहिल्या. १४ कॅरेटची अट १९६६ साली गेली, पण सुवर्णनियंत्रण कायदा रद्द व्हायला १९९० उजाडलं.

लंडनमध्ये ‘गोल्डफिंगर’ला रांगा लागल्या होत्या तेव्हा इथल्या एखाद्या पेठेत कुणी सोनार बागेसरीपुढे रिकामा बसलेला असणार. सोन्याच्या दोन भावांमधली ती तफावत सिनेमात बाँडला कामाला लावण्यापुरती येते, एका वाक्यात. त्याला ती साऱ्या आयुष्याची झाली होती.