आमच्या आज्यापणज्यांचा न्याय

1886 साली अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या अँडोव्हर धर्मविद्यालयात माजी विद्यार्थ्यांचं स्नेहभोजन झालं. तिथं नगरचे मिशनरी रॉबर्ट ॲलन ह्यूम बोलायला उभे राहिले, आणि त्या भाषणामुळे नगरला परतण्याची त्यांची वाटच अडली. गुन्हा एवढाच की त्यांनी एका आशेला दार बंद करायचं नाकारलं. ज्यांच्या कानावर या जन्मी ख्रिस्ताचं नावच पडलं नाही, त्यांना मरणानंतर, अंतिम न्यायाच्या आधी त्याची ओळख होऊन निवड करण्याची संधी मिळेल, असं अँडोव्हरचे काही प्राध्यापक मांडत होते. ह्यूमसाहेब नगरमध्ये ही शिकवण देत नव्हते. पण ती आशा बाळगणारा माणूस शुभवर्तमानाचा सेवक होण्यास नालायक ठरतो, हे त्यांना मान्य नव्हतं.

आमच्या मंडळीच्या इतिहासात मिशनऱ्यांची चरित्रं, शाळा आणि दुष्काळ यांच्याबद्दल पुष्कळ सांगितलं जातं. या वादाबद्दल मात्र क्वचितच कुणी बोलतं. मी नगरच्या मंडळीत वाढले, शब्बाथशाळेत मुलांना शिकवत म्हातारी झाले, आणि मला वाटतं की या वादाशी सगळ्यात जवळचा संबंध आमचाच आहे. माझी पणजी नेवासे तालुक्यातली. वडाळ्याच्या मिशनमध्ये तिचा बाप्तिस्मा झाला. तिची आई त्याआधीच वारली होती. बाप्तिस्म्यानंतर घरातली सर्वपित्री अमावास्या बंद झाली, पान वाढणं बंद झालं. मग त्या आईचं काय झालं? हे पणजीनं पाळकांना विचारलं, माझ्या आजीनं विचारलं, आणि शब्बाथशाळेत आजही एखादं मूल मला विचारतं.

अँडोव्हर आणि मराठी मुलूख यांचं नातं फार जुनं. हार्वर्ड विद्यापीठ त्रैक्य न मानणाऱ्यांच्या हाती गेलं म्हणून सनातन मताच्या लोकांनी 1807 साली अँडोव्हरची स्थापना केली. तिथल्याच तरुणांच्या आग्रहातून 1810 साली परदेशी मिशनरी धाडणारी संस्था, अमेरिकन बोर्ड, उभी राहिली. त्यांपैकी गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट 1813 च्या फेब्रुवारीत मुंबईला उतरले. कंपनी सरकारनं त्यांना देशाबाहेर काढण्याचा हुकूम केला, तरी ते राहिले. हॉल 1826 साली नाशिककडच्या दौऱ्यात पटकीनं गेले. 1831 साली नगरचं ठाणं सुरू झालं, आणि तिथं आलेले विल्यम हर्वी पुढच्याच वर्षी पटकीनं दगावले. ही माणसं का आली? रोज हजारो जीव तारणाशिवाय नाशाकडे जात आहेत, या जाणिवेनं त्यांना झोप येत नव्हती म्हणून. ती जाणीव खरी होती आणि तिची किंमत त्यांनी जिवानं मोजली. म्हणून पुढे ह्यूमसाहेबांना विरोध करणाऱ्यांना मी कठोर मनाचे म्हणणार नाही. बोर्डाचे गृहसचिव एडमंड ऑल्डन यांची भीती साधी होती. मरणानंतरही संधी आहे असं म्हटलं, तर कोणती आई आपला मुलगा पटकीच्या मुलखात धाडेल? मिशनकार्याचा कणाच मोडेल, असं त्यांना मनापासून वाटत होतं.

ह्यूमसाहेबांची बाजू कळायला त्यांचं आयुष्य पाहावं लागतं. त्यांचा जन्म 1847 साली मुंबईत, मिशनरी घरात झाला. त्यांनी येल आणि अँडोव्हरला शिक्षण घेतलं आणि 1874 साली ते नगरला आले. 1878 साली त्यांनी इथं धर्मविद्यालय काढलं, ज्यात मराठी तरुणांना पाळक होण्याचं शिक्षण मिळू लागलं. अशा माणसाला नेवाशाच्या वाटेवर दर मैलाला कोण आठवत असेल? ज्या नेवाशात ज्ञानदेवांनी गीतेवर निरूपण केलं, त्याच तालुक्यात वडाळ्याचं मिशन. वारीला जाणाऱ्या, अभंग गाणाऱ्या, आपल्या लेकरांसाठी उपास करणाऱ्या बाया त्यांनी रोज पाहिल्या होत्या. त्या सगळ्या केवळ उशिरा जहाज आल्यामुळे नरकात गेल्या, हे एखाद्या नव्या विश्वासणाऱ्याच्या तोंडावर सांगणं काय असतं, हे बोस्टनमध्ये बसून कळणारं नव्हतं.

दोन्ही पक्ष बायबलवरच उभे होते. एक पक्ष म्हणे, शास्त्रात मरणानंतरच्या संधीचं स्पष्ट वचन नाही, आणि नाही तिथं माणसानं वचन देऊ नये. दुसरा पक्ष पेत्राच्या पहिल्या पत्रातल्या तिसऱ्या आणि चौथ्या अध्यायांकडे बोट दाखवी, जिथं मेलेल्यांना सुवार्ता सांगितल्याचा उल्लेख येतो. रोमकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात अंतःकरणावर लिहिलेल्या नियमाबद्दल आहे, तेही ते वाचून दाखवत. हा वाद बायबल मानणारे आणि न मानणारे यांच्यातला नव्हता, हे आज आवर्जून सांगावंसं वाटतं.

1886 च्या ऑक्टोबरात आयोवा राज्यात डी मॉइन इथं बोर्डाची वार्षिक सभा भरली आणि हा विषय तिथं पेटला. सभेनं या मताविरुद्ध सावधगिरीचा ठराव केला. उमेदवारांना नेमण्याआधी या प्रश्नावर तपासलं जात होतं, आणि त्यावरून तरुण परत पाठवले जात होते. विल्यम नॉइस नावाच्या तरुणाला बोर्डानं नाकारलं, तेव्हा बोस्टनच्या एका मंडळीनं त्याला स्वतःच्या खर्चानं जपानला धाडलं. तिकडे अँडोव्हरच्या प्राध्यापकांवर खटला चालला आणि 1887 साली एगबर्ट स्मिथ यांना पदावरून दूर करण्याचा निकाल लागला. तो निकाल पुढे न्यायालयानं रद्द केला आणि 1892 साली आरोपच मागे पडले. 1893 साली बोर्डानं नॉइसना आपल्या मिशनऱ्यांत घेतलं. ह्यूमसाहेबांच्या बाजूनं बोर्डाच्या इथल्या मराठी मिशनमधले सहकारी उभे राहिले आणि 1887 साली त्यांना परत येण्याची मोकळीक मिळाली.

या सगळ्या हकिकतीत एक गोष्ट मला बोचते. डी मॉइनला प्रश्न आमच्या आज्यापणज्यांचा होता आणि हात वर करण्याचा हक्क अमेरिकन सभासदांना होता. माझ्या पणजीच्या आईबद्दल ठराव झाला, पण माझ्या पणजीला कुणी विचारलं नाही. ह्यूमसाहेबांचं मोठेपण मला इथं दिसतं. त्या सभागृहाच्या जगात त्यांनी आमच्या घरातला प्रश्न नेला आणि त्यासाठी आपली जागा पणाला लावली.

आणि मिशनचा कणा मोडला का? परत आल्यावर ते म्हातारपणापर्यंत नगरात राबले. 1899-1900 च्या दुष्काळात त्यांनी केलेल्या मदतकार्याबद्दल सरकारनं त्यांना कैसर-इ-हिंद सुवर्णपदक दिलं. त्यांच्या आशेनं त्यांना आळशी केलं नाही.

1895 साली कवी नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा झाला आणि ते नगरला येऊन त्याच धर्मविद्यालयात शिकवू लागले. तुकोबांच्या वाटेनंच आपण ख्रिस्तापर्यंत पोहोचलो, असं टिळक मोकळेपणानं सांगत. डी मॉइनचा ठराव नगरात अक्षरशः लागू झाला असता, तर टिळकांना तुकोबांचा निकाल लावून मग वर्गात पाऊल टाकावं लागलं असतं. आमच्या ‘उपासनासंगीत’ या गीतसंग्रहातली त्यांची पदं आज गावोगावच्या देवळांत म्हटली जातात. ज्या मराठी ख्रिस्तीपणाचा आम्हाला अभिमान वाटतो, त्याला श्वास घ्यायला जागा मिळाली, त्यात ह्यूमसाहेबांनी सोसलेल्या त्या वर्षाचा वाटा आहे, असं मी मानते.

हे आज लिहिण्याचं कारण आहे. अलीकडे आमच्या मंडळ्यांत ध्वनिक्षेपक घेऊन बाहेरून येणारे उपदेशक वाढले आहेत. कुणाच्या घरी मयत झालं की शवपेटीजवळ उभं राहून, गेलेला माणूस कुठं गेला हे ते ठामपणे सांगतात. एका बाईला तिच्या हिंदू वडिलांच्या मरणानंतर असं ऐकावं लागलं. त्यानंतर कितीतरी महिने ती देवळात आली नाही. शुभवर्तमान तातडीचं आहे, ते आजच सांगायला हवं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. हॉल आणि हर्वी याच तातडीनं इथं मेले. पण सुवार्ता सांगण्याची आज्ञा आम्हाला मिळाली आहे, निकाल देण्याची नाही. सदोमासाठी देवापाशी रदबदली करताना अब्राहामानं सगळ्या पृथ्वीच्या न्यायाधीशाच्या न्यायीपणावरच विसंबून शब्द टाकला होता. आम्हालाही तिथंच विसंबायचं आहे.

म्हणून पाळकांना आणि पंचांना माझी विनंती आहे. धर्मविद्यालयात शिकणाऱ्या मुलांना 1886 चा हा वाद शिकवा, दोन्ही बाजूंसकट. मतभेद झाला म्हणून कुणाची सेवा काढून घेण्याआधी नॉइस आणि ह्यूम यांची नावं आठवा. आणि मयताच्या घरी गेलात तर जिवंतांना ख्रिस्त सांगा. मेलेल्यांचा न्याय ज्याचा आहे, त्याच्याच हाती राहू द्या.