बिनरंगी पेशीला रंग कोणी दिला?

शाळेच्या पुस्तकात पेशीचं चित्र असतं: मध्ये जांभळं केंद्रक, भोवती गुलाबी पेशीद्रव्य. मुलं ते रंगीत पेन्सिलीने वहीत उतरवतात आणि पेशी अशीच दिसते असं धरून चालतात. पण वनस्पतीची हरितलवकं, तांबड्या रक्तपेशी अशा थोड्या गोष्टी सोडल्या, तर पेशीला स्वतःचा म्हणावा असा रंग नसतो. रुग्णालयाच्या पॅथॉलॉजी विभागात टिश्यूचे ब्लॉक कापण्यात आणि स्लाइड रंगवण्यात माझी सगळी नोकरी गेली. त्यामुळे पेशीचा इतिहास म्हटलं की मला आधी आठवतात ते रंग, आणि ते रंग शोधणारी, वापरून बघणारी माणसं.

पुस्तकातली नावं सगळ्यांना पाठ असतात. रॉबर्ट हूकने १६६५ साली बुचाच्या कापात रिकामे कप्पे पाहिले. रॉबर्ट ब्राऊनने १८३१ मध्ये ऑर्किडच्या पेशींतलं केंद्रक नोंदवलं. १८३८-३९ मध्ये श्लायडेन आणि श्वान यांनी सांगितलं, की वनस्पती काय नि प्राणी काय, सारे पेशींचेच बनलेले आहेत. सिद्धान्त तयार झाला, पण प्राण्याच्या मऊ अवयवाचा पातळ काप भिंगाखाली धरला तर दिसायचं ते धूसर, पाणचट काहीतरी. यकृतातली पेशी आणि जठरातली पेशी यांत फरक काय, हे डोळ्यांना कळायला रंग हवा होता.

रंगाची कल्पना पहिल्यांदा सुचलेल्यांपैकी एक जण कापडाचा व्यापारी होता, याचं मला फार अप्रूप वाटतं. डेल्फ्टच्या लेवेनहूकने म्हातारपणी, १७१४ साली, स्नायूंचे तंतू नीट दिसावेत म्हणून केशर ब्रँडीत कालवून त्यांना लावलं. पुढे शंभर-सव्वाशे वर्षं या वाटेने फारसं कोणी गेलं नाही.

मग १८५८ साली जर्मनीतल्या एर्लांगेनमध्ये योझेफ गेरलाखने मेंदूचे काप कारमाइनमध्ये घातले. कारमाइन म्हणजे मेक्सिकोतल्या निवडुंगावरच्या किड्यांपासून काढलेला तांबडा रंग. दाट द्रावणात सगळाच काप लाल होई. असं सांगतात, की अगदी पातळ द्रावणात एक काप रात्रभर राहून गेला आणि सकाळी केंद्रकं गडद, बाकीचा भाग फिका असा उमटला. एकाच पेशीचे दोन भाग एकाच रंगाला वेगवेगळा प्रतिसाद देतात, हे त्यातून कळलं. आमचा सगळा धंदा त्यावर उभा आहे.

आम्ही रोज वापरतो ते हिमॅटॉक्सिलिन मात्र झाडाचं आहे. मेक्सिकोच्या कांपेचे भागात वाढणाऱ्या एका काटेरी झाडाच्या खोडाच्या गाभ्यातून ते निघतं. हे लाकूड जहाजांनी युरोपात जाई ते कापड रंगवायला. इंग्लंडमध्ये १५८१ साली कायदा करून त्यावर बंदी घातली होती, कारण त्याने रंगवलेलं कापड विटायचं. ही बंदी १६६२ पर्यंत टिकली. आपल्याकडच्या रंगाऱ्यांना ठाऊकच होतं, की तुरटी लावल्याशिवाय मंजिष्ठेचा लाल कापडाला धरत नाही. पेशींच्या बाबतीतही तेच झालं. १८६३ मध्ये वाल्डायरने नुसतं हिमॅटॉक्सिलिन वापरून पाहिलं, ते फारसं जमलं नाही. १८६५ मध्ये ब्योमरने त्यात तुरटी घातली आणि केंद्रकं निळी-जांभळी उठून आली. आजही आमच्या बाटलीत तुरटी असतेच. पुढे त्याच वाल्डायरने १८८८ मध्ये क्रोमोसोम आणि १८९१ मध्ये न्यूरॉन ही नावं दिली.

गुलाबी रंग आला कारखान्यातून. अठरा वर्षांच्या विल्यम पर्किनने १८५६ मध्ये डांबरातल्या रसायनांपासून जांभळा रंग बनवला, आणि त्यामागून कृत्रिम रंगांची रांगच लागली. त्यातला इओसिन १८७०च्या दशकात आला आणि १८७६ मध्ये हिमॅटॉक्सिलिनच्या जोडीला बसला. हीच आमची ‘एच अँड ई’. जगभरच्या पॅथॉलॉजी विभागांत आजही पहिली स्लाइड बहुतेक याच जोडीने रंगते.

ती रंगताना पाहणं मला कधी जुनं झालं नाही. मायक्रोटोमवर मेणाच्या ब्लॉकची चार मायक्रॉन जाडीची रिबन निघते, कोमट पाण्यावर तरंगत पसरते, तिथून ती काचेवर घ्यायची. हिमॅटॉक्सिलिनमधून काढल्यावर काप तांबूस-जांभळा असतो. नळाच्या पाण्याखाली धरला की बघता बघता निळा होतो. मग इओसिन.

जठराची स्लाइड घ्या. पृष्ठभागावरच्या पेशी फिकट, कारण त्यांतला श्लेष्म हे रंग फारसा घेत नाही. खाली ग्रंथीत गोलसर, ठसठशीत गुलाबी पेशी दिसतात. त्या आम्ल बनवतात. त्या कामाला ऊर्जा लागते म्हणून तंतुकणिका ठासून भरलेल्या असतात, आणि त्या इओसिन ओढून घेतात. त्याहून खाली, ग्रंथीच्या तळाशी, निळसर झाक असलेल्या पेशी पाचक प्रथिनं बनवतात. प्रथिनं घडवणाऱ्या रायबोसोममधलं आरएनए आम्लधर्मी असतं, केंद्रकातल्या डीएनएसारखंच, म्हणून तिथे हिमॅटॉक्सिलिन बसतं. तिन्ही पेशींची मूळ रचना एकच, पण जिच्याकडे जे काम, त्याचा सरंजाम तिच्यात जास्त. आणि रंग नेमका तो सरंजाम दाखवतो.

पाउल एर्लिखने हाच धागा रक्तात नेला. १८७९ मध्ये त्याने पांढऱ्या पेशींतला एक प्रकार वेगळा काढला, तो त्यातले कण इओसिन घेतात एवढ्यावरून. आज साध्या रक्ततपासणीच्या कागदावर ‘इओसिनोफिल’ वाचताना ही गोष्ट कोणाला आठवत नाही.

मज्जापेशी एकमेकींना जोडलेल्या की सुट्या, हे कोडं मात्र ‘एच अँड ई’च्या जोडीने सुटलं नाही. इटलीतल्या आबियातेग्रासो गावच्या रुग्णालयात कामिल्लो गॉल्जीने स्वयंपाकघरात थाटलेल्या प्रयोगशाळेत १८७३ मध्ये चांदीचा क्षार वापरून पाहिला. त्याने मोजक्याच पेशी काळ्या होतात, पण शेंड्यापासून बुडख्यापर्यंत संपूर्ण दिसतात. गॉल्जीला त्यात सलग जाळं दिसलं. स्पेनच्या काहालने तीच पद्धत सुधारून दाखवलं, की प्रत्येक मज्जापेशी सुटी आहे. १९०६ चं नोबेल दोघांना विभागून मिळालं आणि गॉल्जीने त्या मंचावरूनही काहालचं मत खोडलं. बरोबर काहालच होता, पण हत्यार गॉल्जीचं होतं.

विज्ञान शिकवणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं आहे: पेशीची आकृती काढून घ्या, पण त्याआधी मुलांना एक खरी रंगवलेली स्लाइड दाखवा, आणि तिच्याशेजारी न रंगवलेली. शाळेतल्या साध्या सूक्ष्मदर्शकाखाली कांद्याच्या पापुद्र्यावर आयोडीनचा एक थेंब टाकला तरी पुरतं.